19 नंबरची जर्सी आणि जीएमची खुर्ची

डेट्रॉइटच्या आसपास आपली मराठी माणसं बरीच आहेत, ऑटो इंडस्ट्रीने आणली आणि मग इथलीच झाली, त्यांची पोरं आता आइस हॉकी बघत मोठी झालीयेत. त्यामुळे एप्रिल आला आणि डेट्रॉइटची टीम रेड विंग्ज पुन्हा प्लेऑफच्या बाहेर राहिली की घराघरात तोच वाद पेटतो, स्टीव्ह आयझरमनला जीएम म्हणजे जनरल मॅनेजर म्हणून ठेवायचं की काढायचं. एक बाजू म्हणते की अरे तो कॅप्टन आहे आपला, त्याने तीन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या हॉकी लीगची विजेतेपदं, जिंकून दिलेत, थोडा धीर धरा. दुसरी बाजू म्हणते की मोठे खेळाडू मॅनेजर म्हणून फेल जातात हे जगजाहीर आहे, यांना ऑफिसात बसवायलाच नको होतं. मला दोन्ही बाजूंचा राग येतो, कारण दोघंही त्याच्या 19 नंबरच्या जर्सीकडे बघून बोलतायत, एकजण जर्सीला नमस्कार करतो आणि दुसरा तिच्यावर संशय घेतो, पण त्या माणसाने ऑफिसात बसून नेमके काय निर्णय घेतले आणि ते घेताना त्याच्या बाजूला कोण बसलं होतं हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. कोणी किती गोल मारले यावरून तो टीम बांधू शकेल की नाही हे अजिबात कळत नाही, दोन्ही बाजूंनी कळत नाही. कळतं ते दोन गोष्टींवरून, खेळणं सोडल्यावर आणि खुर्चीत बसण्याआधी तो काय शिकला, आणि खुर्चीत बसल्यावर त्याला तोंडावर नाही म्हणणारा, त्याच्या लॉकर रूममधून न आलेला माणूस शेजारी आहे का.

आधी काढा म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करूया, कारण ते खूप आहे. रेड विंग्ज शेवटचे प्लेऑफ खेळले 2016 मधे, आणि तोवर सलग 25 सीझन एकदाही चुकले नव्हते! त्यानंतर 2025 पर्यंत सलग 9 सीझन बाहेर, त्यातले 6 आयझरमनच्या हाताखालचे. 2024 ला तर गुणतक्त्यात वॉशिंग्टनइतकेच 91 पॉइंट होते आणि टायब्रेकरवर बाहेर गेलो, ती रात्र इथे कोणी विसरलेलं नाही. कॉन्ट्रॅक्ट बघा, बेन चियारोट, अँड्र्यू कॉप, जस्टिन हॉल, मधल्या फळीतल्या तिशीच्या आसपासच्या खेळाडूंना लांबलचक वर्षं आणि भरपूर पैसे. आणि जेक वॉलमनचा ट्रेड तर अक्षरशः समजण्यापलीकडचा आहे. 2024 च्या जूनमधे हा चांगला खेळणारा डिफेन्समन सॅन होजेला दिला, बरं नुसता दिला नाही तर त्याच्याबरोबर वर ड्राफ्टच्या दुसऱ्या राउंडचा पिकही, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडायच्या वेळची आपली एक पाळीही दिली, म्हणजे पैसे देऊन माल घालवला, आणि पुढच्याच मार्चमधे सॅन होजेने त्याच खेळाडूच्या बदल्यात एडमंटनकडून पहिल्या राउंडचा पिक वसूल केला. हे काम दुसऱ्या कोणी केलं असतं तर? आयझरमन हे आडनाव नसतं तर हा माणूस 6 सीझन टिकला असता का? मला नाही वाटत. नाव माणसाला ऑफिसात नेतं आणि नावच त्याला तिथे वाचवतं, हे खरं आहे आणि अन्यायाचं आहे.

पण लोक त्याच्यावर एवढा जीव का टाकतात हेही बाहेरच्यांना कळायला हवं. 1983 च्या ड्राफ्टमधे डेट्रॉइटला खरंतर आपल्याच मिशिगन राज्यातला पॅट लाफाँटेन हवा होता, तो एक नंबर आधी गेला आणि चौथ्या नंबरवर हा 18 वर्षांचा कॅनेडियन पोरगा मिळाला. 1986 ला 21 व्या वर्षी कॅप्टन, आणि 2006 ला रिटायर होईपर्यंत तोच कॅप्टन. एकूण 692 गोल, आणि गोल अधिक गोलला केलेली मदत मिळून 1755 पॉइंट. एका सीझनमधे 155 पॉइंट केलेला माणूस, पण कप येत नव्हता, मग 1993 ला स्कॉटी बोमन कोच म्हणून आला आणि त्याने सांगितलं की गोल कमी मार, मागे येऊन डिफेन्स कर. त्याने ऐकलं. पॉइंट घसरले, त्याला ओटावाला विकणार अशा बातम्या आल्या, आणि मग 1997 आणि 98 ला लागोपाठ दोन कप, 2002 ला तिसरा. 1997 च्या कपनंतर सहा दिवसांत टीमचा डिफेन्समन व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्ह लिमोझिनच्या अपघातात जायबंदी झाला, त्याचं करिअर संपलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधे कप जिंकल्यावर आयझरमनने हातात घेतलेला कप पहिल्यांदा व्हीलचेअरवरच्या कॉन्स्टँटिनोव्हच्या मांडीवर ठेवला. ज्यांनी ते बघितलंय त्यांना या माणसाविरुद्ध बोलणं जड जातं, मलाही जातं.

आणि इथेच गोंधळ सुरू होतो. धीर धरा म्हणणारे या सगळ्याचा पुरावा म्हणून वापर करतात, की बोमनच्या वेळी बघा त्याने स्वतःला कसं बदललं, तसंच आताही तो करून दाखवेल. पण हा तर्क झाला का? स्वतःचा खेळ बदलणं ही एक गोष्ट आणि 23 जणांचे पगार एका मर्यादेत बसवणं ही सर्वस्वी वेगळी गोष्ट. तो खेळत होता तेव्हा बहुतेक काळ एनएचएलमधे सॅलरी कॅपच नव्हती, ती आली 2005 ला, म्हणजे त्याच्या अगदी शेवटच्या सीझनला. 2002 ची ती टीम आठवा, हॉल ऑफ फेमवाल्यांची रांग होती, मालकाने पैसा ओतला आणि उभी राहिली. आज तशी टीम बांधताच येत नाही. मग त्या लॉकर रूममधे बसून त्याला आजच्या जीएमचं कुठलं गणित कळणार होतं? वेन ग्रेट्स्की तर खेळाडू म्हणून याच्याही वर, हॉकीत त्याच्याइतका डोकं चालवणारा दुसरा झाला नाही असं सगळेच म्हणतात, तो फीनिक्सचा कोच झाला आणि 2005 ते 2009 चार सीझनमधे एकदाही प्लेऑफला पोचला नाही. त्याच ग्रेट्स्कीने 2002 ला कॅनडाची ऑलिंपिक टीम निवडली ती गोल्ड घेऊन आली, आणि 2006 ला निवडली ती सातवी आली. तीच दृष्टी, तोच माणूस.

मग दुसरी बाजू लगेच टाळी वाजवते, बघा आम्ही म्हणतच होतो! थांबा जरा. जो सॅकिकचं काय करायचं? कोलोरॅडोचा कॅप्टन, योगायोगाने त्याचाही नंबर 19, आणि नव्वदच्या दशकात डेट्रॉइट-कोलोरॅडो म्हणजे रक्त सांडणारं वैर होतं, 26 मार्च 1997 ची ती मारामारी आजही लोक काढून बघतात. सॅकिक 2011 ला सल्लागार म्हणून ऑफिसात आला, 2013 पासून हॉकीचा सगळा कारभार त्याच्याकडे. 2016 च्या ऑगस्टमधे त्याचा कोच आणि जुना टीममेट पॅट्रिक रॉय तडकाफडकी सोडून गेला आणि त्या सीझनला टीमने फक्त 48 पॉइंट केले, लीगमधे तळाला. त्यावर ड्राफ्टची पाळी ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला नंबरही मिळाला नाही, चौथ्यावर ढकलले गेले. आज आयझरमनबद्दल जे बोललं जातं ते तेव्हा सॅकिकबद्दल शब्दशः बोललं जात होतं. त्या चौथ्या नंबरवर त्याने केल मकार घेतला, मॅट ड्यूशेनला विकायची घाई न करता किंमत वाढेपर्यंत थांबला, आणि 2022 ला कप उचलला, तोही टँपाला हरवून, म्हणजे आयझरमनने डेट्रॉइटला येण्याआधी जीएम म्हणून बांधलेल्या टीमला हरवून. तेव्हा मोठे खेळाडू मॅनेजर होऊच शकत नाहीत हे वाक्यही तितकंच पोकळ.

फरक कुठे पडतो ते बघायचं असेल तर 2006 चा उन्हाळा बघा, यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला सापडलेलं नाही. 3 जुलैला आयझरमनने रिटायरमेंट जाहीर केली. साधारण दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क आयलंडर्सने आपला बॅकअप गोलकीपर गार्थ स्नो याला सांगितलं की तू पॅड काढ, आजपासून तू आमचा जीएम. आदल्या सीझनपर्यंत ज्या लॉकर रूममधे बसत होता त्याच पोरांचे पगार आता त्याने ठरवायचे. सप्टेंबरमधे त्या टीमने गोलकीपर रिक डिपिएट्रोला 15 वर्षांचं, 6 कोटी 75 लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, पुढे त्याची दुखापतींनी वाट लागली, 2013 ला बायआउट करावं, म्हणजे पैसे देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडावं लागलं आणि त्याचे हप्ते 2029 पर्यंत चालू आहेत. हे कॉन्ट्रॅक्ट मालक चार्ल्स वांगच्या डोक्यातलं होतं असं म्हटलं जातं, आणि ते धरून चाललो तरी माझा मुद्दा जास्तच पक्का होतो, की कालपर्यंत खेळत असलेला, ऑफिसातलं काहीच न बघितलेला माणूस मालकाला नाही कुठल्या जोरावर म्हणणार?

आयझरमनला त्याच उन्हाळ्यात कुठल्याही टीमने डोळे झाकून जीएम केलं असतं. त्याने डेट्रॉइटमधेच व्हाइस प्रेसिडेंट असं भारदस्त नाव असलेली पण शिकाऊ जागा घेतली आणि चार वर्षं केन हॉलंड, जिम निल, जिमी डेव्हेलानो यांच्या मीटिंगमधे बसला. हे तिघं कोण? हॉलंड स्वतः गोलकीपर, एनएचएलमधे मोजून 4 मॅच खेळलेला, मग वेस्टर्न कॅनडात गाडी फिरवत पोरं शोधणारा स्काउट, तिथून वर चढत 1997 ला जीएम. निल साधा चौथ्या लाइनचा खेळाडू, आज डॅलसचा जीएम आहे आणि 2023, 24, 25 असा लागोपाठ तीन वेळा लीगचा सर्वोत्तम जीएम ठरलाय. डेव्हेलानो तर व्यावसायिक खेळलाच नाही. म्हणजे 1755 पॉइंटवाला कॅप्टन या माणसांकडून धडे घेत होता, आणि ते त्याला कमीपणाचं वाटलं नाही, हे मला त्याच्या कपांपेक्षा मोठं वाटतं.

शिकला काय, तर मुख्य म्हणजे ड्राफ्टचे मागचे राउंड. डेट्रॉइटचा स्वीडनमधला स्काउट हाकान अँडरसन याने पावेल दात्सुक 171 व्या आणि हेनरिक झेटरबर्ग 210 व्या नंबरवर शोधून दिले होते, हे दोघं आयझरमनच्या शेजारी बसून खेळले. मे 2010 मधे तो टँपाचा जीएम झाला आणि 2011 च्या एकाच ड्राफ्टमधे निकिता कुचेरोव्ह 58 वा, ऑन्द्रेय पालाट 208 वा. 2014 ला ब्रेडन पॉइंट 79 वा, उंचीने कमी म्हणून बाकीच्यांनी सोडलेला. टायलर जॉन्सनला तर कोणी ड्राफ्टच केलं नव्हतं. नुसती पोरं उचलून भागत नाही, ती मुरायला जागा लागते. ती जागा होती नॉरफोक, टँपाची खालच्या लीगमधली टीम, तिथे 2012 ला जॉन कूपर नावाच्या कोचच्या हाताखाली जॉन्सन आणि पालाट खेळत होते आणि त्या टीमने सलग 28 मॅच जिंकल्या. पुढच्या वर्षी कूपर वर आला, त्याच्या मागोमाग पोरंही वर आली, 2015 ला टँपा फायनलला. आणि 2015, 2016 दोन्ही वर्षी पहिल्या राउंडमधे टँपाने कोणाला बाहेर काढलं? डेट्रॉइटला.

लॉकर रूम कळणं हा खेळाडूंचा मोठा फायदा असं नेहमी सांगितलं जातं, आणि तो आहेच, पण तो पाय मागे ओढणारा फायदा आहे, कारण खेळाडूला खेळाडूची दया येते. आयझरमनने टँपाचा कॅप्टन व्हिन्सेंट लेकाव्हलियरचं कॉन्ट्रॅक्ट 2013 ला विकत घेऊन त्याला मोकळा केला. त्यानंतर आलं मार्टिन सेंट लुईचं प्रकरण. सेंट लुई वयाच्या 37 व्या वर्षी लीगमधे सगळ्यात जास्त पॉइंट करून बसलेला, लेकाव्हलियर गेल्यावर टँपाचा कॅप्टन, आणि 2014 च्या सोची ऑलिंपिकसाठी कॅनडाची टीम निवडणारा आयझरमनच, त्याचाच बॉस. जानेवारीत यादी आली आणि त्यात सेंट लुईचं नाव नाही! रोज सकाळी ज्याच्याशी ऑफिसात गाठ पडते त्याला असं तोंडावर सांगायचं. पुढे टँपाचाच दुसरा खेळाडू स्टॅमकोस दुखापतीमुळे बाहेर पडला म्हणून सेंट लुई गेला, गोल्ड मेडलही मिळालं, पण मन तुटलं होतं, त्याने ट्रेड मागितला आणि मार्चमधे तो न्यूयॉर्क रेंजर्सला गेला. त्या निवडीवर माझं मत विचाराल तर सेंट लुईला पहिल्या यादीत घ्यायला हवं होतं. पण स्वतःच्या कॅप्टनला दुखवण्याची तयारी असलेला माजी कॅप्टन ही वस्तू दुर्मिळ आहे, आणि ती तयारी खेळण्यातून येत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला हे अनोळखी नसावं. दिलीप वेंगसरकर 2006 ला निवड समितीचे अध्यक्ष झाले तेव्हाही लोक लॉर्ड्सवरच्या तीन सेंच्युऱ्यांचंच बोलत होते. पण कर्नलची खरी तयारी त्या आधीची, बोर्डाच्या टॅलेंट शोधणाऱ्या विभागाची, ज्या विभागाच्या माणसांनी जमशेदपूरला धोनी हेरला. 2008 ला एकोणीस वर्षांचा विराट कोहली वन डे टीममधे घेताना त्यांनी जे धाडस केलं ते छोट्या मैदानांवर पोरं बघण्यात घालवलेल्या त्या वर्षांतून आलं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. व्यावसायिक हॉकी न खेळलेल्यांनी तर याहून जास्त कप जिंकलेत, मग खेळाडू हवेतच कशाला? सॅम पोलॉक एनएचएलमधे कधी खेळला नाही, 1964 ते 78 मॉन्ट्रियलचा जीएम, 9 कप. लू लॅमोरेलो कॉलेजचा कोच, न्यू जर्सीला 3 कप. आणि खुद्द टँपाचे 2020 आणि 2021 चे कप आले तेव्हा खुर्चीत होता ज्युलियन ब्रिजबॉ, पेशाने वकील. हा आक्षेप मला मान्य आहे, जवळजवळ पूर्ण मान्य आहे. पण ब्रिजबॉला टँपात आणलं कोणी? आयझरमननेच, 2010 ला, मॉन्ट्रियलकडून, आणि आपला असिस्टंट केला. नॉरफोकची टीम त्याच्याच देखरेखीखाली. आकडे, कॉन्ट्रॅक्ट, कायदा यांत मुरलेला, डेट्रॉइटच्या जुन्या आठवणींशी काही देणंघेणं नसलेला माणूस. 2018 ला आयझरमन बाजूला झाला आणि ब्रिजबॉने तीच टीम घेऊन 2020 मधे ब्लेक कोलमन आणि बार्कले गुड्रोसाठी पहिल्या राउंडचे पिक बिनदिक्कत दिले, आणि कप आणला. बांधणारा एक, शेवटचा दगड बसवणारा दुसरा. तेव्हा खेळाडू विरुद्ध वकील अशी कुस्ती लावण्यात काय अर्थ आहे, जेव्हा ज्या ऑफिसाचं काम झालं तिथे दोघं शेजारी बसलेले होते?

टँपाबद्दल हेही सांगायला हवं की तिथे त्याला स्टीव्हन स्टॅमकोस आणि व्हिक्टर हेडमन आयते मिळाले, त्याच्या येण्याआधीच्या ड्राफ्टचे पहिला आणि दुसरा नंबर. डेट्रॉइटला तो 2019 मधे आला तेव्हा डिलन लार्किन सोडला तर सांगण्यासारखं फार काही नव्हतं. 2020 ला टीम इतकी वाईट होती की 17 मॅच जिंकली, खालून पहिली, आणि लॉटरीत तरीही चौथ्या नंबरवर ढकलली गेली. त्या नंबरवर ल्युकस रेमंड घेतला, चांगला निघाला. त्याआधी 2019 ला सहाव्या नंबरवर जर्मनीच्या मॅनहाइम टीमचा मोरिट्झ साइडर, त्याचं नाव पुकारलं तेव्हा कॅमेऱ्यात त्याचा स्वतःचाच चेहरा बघण्यासारखा झाला होता, इतक्या वर कोणी घेईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. 2022 ला तोच वर्षाचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. म्हणजे पोरं ओळखायची नजर गेलेली नाही. जे चुकतंय ते दुसऱ्या टेबलावर चुकतंय, तयार खेळाडूंची किंमत करण्यात, कोणाला किती वर्षं द्यायची आणि कोणाला कधी सोडायचं यात.

आणि म्हणूनच मला डेट्रॉइटच्या ऑफिसातली नावं वाचून काळजी वाटते. क्रिस ड्रेपर, 1997, 98 आणि 2002 च्या कप टीममधला, असिस्टंट जीएम आणि ड्राफ्टचा प्रमुख. निक्लस लिडस्ट्रॉम 2022 मधे व्हाइस प्रेसिडेंट झाला. निक्लस क्रॉनवॉल सल्लागार. डॅन क्लिअरी खेळाडू घडवण्याच्या विभागात. सगळी लाल जर्सीतली माणसं, एकाच कॅप्टनच्या हाताखाली खेळलेली. ड्रेपरचं काम चांगलं आहे, रेमंडचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, आणि लिडस्ट्रॉमइतका डिफेन्स कोणाला कळतो? पण वॉलमनबरोबर वर पिक देऊ नकोस, हा ट्रेड थांबव, असं यांच्यापैकी कोणी कॅप्टनला म्हणू शकेल का? विसाव्या वर्षी ज्याच्याकडे बघून आपण स्केट बांधायला शिकलो त्याला पन्नाशीत नाही म्हणणं सोपं असतं का? त्या मीटिंगमधे काय बोललं गेलं ते बाहेर कोणालाच माहिती नाही, पण निर्णय बघता टँपात जो घर्षणाचा आवाज होता तो इथे येत नाही.

म्हणून काढा की ठेवा हा प्रश्न मला या घडीला दुय्यम वाटतो. मालक क्रिस इलिचला प्रेसमधे दरवर्षी विचारलं जातं की तुमचा स्टीव्हवर विश्वास आहे का, आणि तो आहे म्हणतो, दुसरं काय म्हणणार? त्याऐवजी त्याला हे विचारा की तयार खेळाडूंचे ट्रेड आणि कॉन्ट्रॅक्ट यांवर शेवटची सही होण्याआधी, डेट्रॉइटसाठी कधी न खेळलेल्या किती माणसांचं मत लेखी घेतलं जातं, आणि ते विरुद्ध गेलं तर काय होतं? आयझरमनने स्वतः 2010 मधे हे उत्तर शोधलं होतं, मॉन्ट्रियलच्या एका वकिलाला फोन करून. तो फोन आज पुन्हा करायला त्याला कोणी अडवलेलं नाही, व्हॅनकुव्हरमधे 2022 ला कॅमी ग्रानाटो आणि एमिली कास्तोंगे असिस्टंट जीएम झाल्या, टोरोंटोत हेली विकनहायझरने ऑलिंपिक गोल्ड जिंकून, डॉक्टर होऊन त्याच वर्षी तेच पद घेतलं, बाहेरून बघणारी हुशार माणसं या लीगमधे आता कमी नाहीत.